आरोग्याची बातमी करताना आधी छेद शोधा

ऑक्टोबर १९९५. ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना आणि माध्यमांना कळवलं की, नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार बायकांमध्ये साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांमध्ये दोघींना. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पटच. पण लोकांपर्यंत ‘दुप्पट’ पोचलं आणि सात हजार मागेच राहिले. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या मध्येच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार जास्तीचे गर्भपात झाले. आणि गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्याहूनही जास्त असतो.

आकडा खरा होता, बातमी खरी होती, तरी एवढं नुकसान झालं. मी बरीच वर्षं आरोग्याच्या बातम्या केल्या, पुढे डेस्कवर बसून इतरांच्या तपासल्या. राजकारणाच्या बातमीत चूक झाली तर खुलासा येतो, फार तर नोटीस येते. आरोग्याची बातमी वाचून मात्र कुणीतरी त्याच रात्री गोळी बंद करतं, पोराची लस पुढे ढकलतं, नाहीतर छातीत दुखत असूनही ‘काही होत नाही’ म्हणून पडून राहतं. त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून, बातमी हातात आल्यापासून ती छापून झाल्यानंतरपर्यंत काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांना नुकतं आरोग्याचं बीट, म्हणजे बातम्यांचं ठरलेलं क्षेत्र, मिळालंय त्यांना याचा उपयोग होईलच. पण एरवी दुसरं बीट सांभाळणाऱ्या आणि साथ आली की आरोग्याला जुंपल्या जाणाऱ्या बातमीदारांना जास्त होईल.

पायरी पहिली : हातात काय आलंय ते ओळखा

प्रेसनोट आहे, शोधनिबंध आहे, सरकारी आकडा आहे की फोनवरून मिळालेली टीप? प्रत्येकाची तपासणी वेगळी असते, पण सगळ्यात बेसावध आपण प्रेसनोटेपुढे असतो. कारण ती बातमीच्या भाषेत लिहिलेली असते, मथळ्यासकट तयार असते आणि खाली मोठ्या संस्थेचं नाव असतं.

२०१४ मध्ये कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोटा मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिल्या. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो अभ्यास आहे. ४० टक्के नोटांमधला सल्ला मूळ निबंधाच्या पुढे गेलेला होता. ३३ टक्क्यांमध्ये ‘संबंध दिसला’ याचं ‘यामुळे होतं’ झालं होतं. ३६ टक्क्यांमध्ये प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावला होता. नोटेत फुगवलेलं असलं की बातमीतही ते उतरत होतं. म्हणजे ज्या अतिशयोक्तीबद्दल आपल्याला बोल लावला जातो, तिचा बराचसा भाग आपल्या टेबलावर येण्याआधीच झालेला असतो. पण ती तपासायची जबाबदारी आपली आहे, ती दुसरीकडे ढकलता येत नाही. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. फुगवलेल्या नोटांना जास्त प्रसिद्धी मिळते, असा ठोस पुरावा सापडला नाही. हे प्रसिद्धी विभागातल्या लोकांनाही आवर्जून सांगा.

तेव्हा फक्त प्रेसनोटेवरून बातमी उतरवू नका. मूळ निबंध मागा. संशोधकाला ईमेल केला तर बहुतेकदा निबंध मिळतो. नाहीच मिळाला आणि बातमी द्यावीच लागली, तर ‘मूळ निबंध पाहायला मिळाला नाही’ हे वाक्य बातमीत घाला.

निबंध हातात आला की नुसता सारांश वाचून थांबायचं नाही. मी कागदाच्या तुकड्यावर सहा प्रश्न लिहून घेतो आणि निबंधातून त्यांची उत्तरं शोधतो : कुणावर? किती जणांवर? किती दिवस? कशाशी तुलना? काय मोजलं? पैसा कुणाचा? संख्याशास्त्र येत नसलं तरी अर्ध्या तासात एवढं सापडतं. उंदरांवरचा प्रयोग असेल तर ‘उंदरांवर’ हा शब्द मथळ्यात किंवा पहिल्या वाक्यात हवा, आठव्या परिच्छेदात नाही.

यातला ‘काय मोजलं?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त निसटतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडत असतील तर ते आटोक्यात आणणारी औषधं १९८० च्या दशकात सर्रास दिली जात. ठोके सुधारायचे, आलेख छान दिसायचा. मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. ठोके मोजले तेव्हा औषध गुणकारी दिसत होतं, माणसं मोजली तेव्हा ते घातक ठरलं. म्हणून ‘औषधाने अमुक पातळी घटली’ असं वाचलं की लगेच विचारायचं : रुग्ण जास्त जगले का? त्यांना बरं वाटलं का?

निबंध नामांकित जर्नलमध्ये आला म्हणून तपासणी संपत नाही. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक अभ्यास आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. तो वाचून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. ‘गार्डियन’च्या ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी मात्र एक साधी पडताळणी केली. निबंधात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातले कोविडचे ७३ मृत्यू दाखवले होते, आणि त्या तारखेला देशातल्या सगळ्या कोविड मृत्यूंची नोंद होती ६७. संशोधकांनीही शंका घेतल्या होत्याच. ज्या कंपनीने ही माहिती पुरवली होती ती मूळ नोंदी तपासायला देईना, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. ७३ आणि ६७ शेजारी शेजारी ठेवून पाहायला पदवी लागत नाही.

जर्नलने तपासण्याआधीच इंटरनेटवर ठेवलेले निबंधही हल्ली भराभर बातम्यांत येतात. साथीच्या काळात ते टाळता येणार नाहीत. पण ‘इतर तज्ज्ञांनी अजून तपासलेला नाही’ हे सांगा, आणि लेखकांशी संबंध नसलेल्या दोघांना तरी तो वाचायला लावा.

पायरी दुसरी : छेद

या पायरीवर थोडा जास्त वेळ थांबायला हवं, कारण मी पाहिलेल्या बहुतेक चुका इथल्याच होत्या.

शाळेत अपूर्णांक शिकवताना वर अंश आणि खाली छेद असतो. बातमीत येणारा आकडा जवळजवळ नेहमी अंश असतो : इतके रुग्ण, इतके मृत्यू, इतक्यांना दुष्परिणाम. छेद आपल्याला शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत आकडा मोठा की लहान, हे कुणालाच सांगता येत नाही.

समजा प्रेसनोट म्हणते, ‘नव्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका निम्म्यावर.’ निबंध उघडलात. हजार जणांना औषध दिलं, हजारांना निष्क्रिय गोळी. पाच वर्षांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी चौघांना झटका आला, औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना. चाराचे दोन, म्हणजे निम्मे. पण वाचकाला असं सांगा : ‘औषध न घेणाऱ्या हजारांपैकी ९९६ जणांना पाच वर्षांत झटका आला नाही, औषध घेणाऱ्यांपैकी ९९८ जणांना आला नाही.’ हीच गोष्ट आणखी एका प्रकारे सांगता येते : एकाचा झटका टाळायला ५०० जणांनी पाच वर्षं औषध घ्यायचं. आता वाचकाला ठरवता येईल. इतक्या कमी आकड्यांवरचा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, हेही डेस्कला सांगायला विसरू नका.

अशीच गफलत ‘कॅन्सर होतो’ या शब्दांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. लगेच ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे आले. पण तो गट ‘कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का’ एवढंच सांगतो, ‘किती जणांना होतो’ हे सांगत नाही. संस्थेने दिलेला आकडा होता : रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. शंभरात एक जास्त. हा फरक छोटा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, पण शंभरात १८ हून तो फार वेगळा आहे.

लसीच्या टक्क्यांची गंमत वाचकालाच नव्हे, आपल्यालाही चकवते. नोव्हेंबर २०२० मध्ये फायझरच्या कोविड लसीची परिणामकारकता ९५ टक्के असल्याचं जाहीर झालं. ‘म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या पाच जणांना कोविड होणार’ असा अर्थ अनेकांनी काढला. चाचणीत साधारण ४३ हजार लोक होते, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निष्क्रिय इंजेक्शन. एकूण १७० जणांना लक्षणांसह कोविड झाला. त्यातले १६२ निष्क्रिय इंजेक्शनवाले, ८ लसवाले. ९५ टक्के आले ते १६२ आणि ८ यांच्या तुलनेतून. २१ हजारांहून जास्त लसवाल्यांपैकी आठ, हे शंभरात पाचाच्या जवळपासही नाही. टक्के लिहायचे तर लिहा, पण हे दोन आकडे चौकटीत द्या. वाचक ते सहज समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

आता छेद चुकीचा घेतला तर काय होतं ते पाहा. ‘रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ६० टक्क्यांनी लस घेतलेली होती’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करू शकतं. दहा हजार लोकवस्ती धरा, ९ हजारांनी लस घेतलेली, एक हजाराने नाही. ३० जण दाखल झाले : १८ लस घेतलेले, १२ न घेतलेले. १८ म्हणजे ६० टक्के, बरोबर. पण लस घेतलेल्यांत हजारी २ दाखल झाले आणि न घेतलेल्यांत हजारी १२. विचारायचा प्रश्न ‘दाखल झालेल्यांपैकी किती?’ हा नाही, ‘लस घेतलेल्यांपैकी किती?’ हा आहे.

साथीच्या सुरुवातीला मृत्युदर काढताना तर फारच जपा. सप्टेंबर २०१४ च्या मध्यापर्यंत पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या ४,५०७ रुग्णांची आणि २,२९६ मृत्यूंची नोंद होती. सरळ भागाकार केला तर ५१ टक्के येतात. पण छेदातले कितीतरी रुग्ण अजून खाटेवर होते. त्यांचं काय होणार हे ठरायचं होतं. ज्यांचा शेवट कळला होता अशाच रुग्णांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने केला, तेव्हा आकडा आला जवळपास ७१ टक्के. उलटंही होतं. सौम्य आजारी माणसं तपासणीलाच येत नाहीत, छेद लहान राहतो आणि आजार आहे त्याहून भयंकर दिसतो. म्हणून मृत्युदर लिहिताना तो कशाला भागून काढला, हे त्याच वाक्यात लिहा.

पायरी तिसरी : कुणाला विचारायचं

डॉक्टर आहेत, बोलायला छान आहेत, फोन लगेच उचलतात. एवढ्यावर एकच माणूस हृदयापासून साथीपर्यंत सगळ्यावर मतं देताना आपण पाहतो. उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्याला साथ कशी पसरते हे माहीत असेलच असं नाही. साथीसाठी साथरोगतज्ज्ञ गाठा, आकड्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ, आणि प्रत्यक्ष वॉर्डात काय चाललंय त्यासाठी परिचारिका. परिचारिकांशी आपण फार कमी बोलतो आणि त्यात आपलंच नुकसान आहे.

तज्ज्ञाला मी हे प्रश्न हमखास विचारतो : यातल्या कशाची तुम्हाला खात्री नाही? तुमचं मत बदलायला कुठला पुरावा पुरेसा होईल? या कंपनीशी वा संस्थेशी तुमचा पैशाचा संबंध आहे का? आणि शेवटी, ‘सर, मी हे वाक्य असं लिहितोय, अर्थ बदलतोय का सांगा’ म्हणून किचकट वाक्य फोनवरच वाचून दाखवतो. पूर्ण कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, तपासायला पाठवायची नाही, पण एखादं वाक्य वाचून दाखवण्यात कसलाही कमीपणा नाही.

दोन्ही बाजू द्याव्यात, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. आरोग्याच्या बातमीत त्याचा अर्थ वेगळा होतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात फक्त १२ मुलं होती. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचा संशय त्यातून पसरला. वर्षानुवर्षं बातम्यांत एक बाजू वेकफिल्ड, दुसरी बाजू सरकारी डॉक्टर, अशी मांडणी चालली. जणू पुरावा निम्मा-निम्मा वाटलेला आहे. ब्रिटनमध्ये लसीकरण ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि गोवर परतला. वेकफिल्डचे आर्थिक हितसंबंध आणि निबंधातले घोटाळे बाहेर काढले तेही एका पत्रकारानेच. ब्रायन डिअर यांनी २००४ पासून त्याचा पाठपुरावा केला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६ लाख ५७ हजार मुलांवरच्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. तराजूच्या एका पारड्यात १२ मुलं आणि दुसऱ्यात साडेसहा लाख असतील, तर बातमीतल्या जागेचं वजनही तसंच असलं पाहिजे. वेगळं मत द्यायचं तर त्यामागे पुरावा किती, हे त्याच्याबरोबर लिहा.

आणि सल्ला बदलला की ‘घूमजाव’ लिहायची घाई करू नका. सर्वसामान्य लोकांनी मास्क वापरण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये आपला सल्ला बदलला. असं होतं तेव्हा आधी काय माहीत होतं, आता नवीन काय कळलं आणि हे आधी कळायला हवं होतं का, अशा तीन प्रश्नांवर बातमी उभी करा. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर जाब जरूर विचारा.

पायरी चौथी : माहिती देतच नसतील तर

साथीत आकडे दडवले जातात. कधी हेतुपुरस्सर, कधी यंत्रणाच कोलमडलेली असते म्हणून. अशा वेळी एकाच दारावर थापा मारत बसू नका, दुसऱ्या वाटेने या. आजाराच्या नोंदी मिळत नसतील तर मृत्यूच्या एकूण नोंदी मिळतात का पाहा. मागच्या चार-पाच वर्षांत याच महिन्यांत सरासरी किती मृत्यू होत होते आणि यंदा किती झाले, हा फरक म्हणजे अतिरिक्त मृत्यू. कारणाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो, हा फरक लपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये याच पद्धतीने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला. देशांनी कोविडचे म्हणून कळवलेले मृत्यू होते सुमारे ५४ लाख. फरक सगळाच्या सगळा कोविडचा नव्हे, उपचार न मिळाल्याने गेलेलेही त्यात आहेत. हे लिहायला हवं. रुग्णवाहिकांच्या फेऱ्या, प्राणवायूची मागणी, शाळांतली गैरहजेरी यांवरूनही दिशा कळते. माहिती अधिकाराचे कायदे आज शंभराहून जास्त देशांत आहेत. अर्ज साथ आल्यावर नाही, आधीपासून टाकत राहा, म्हणजे तुलनेला जुने आकडे हाताशी राहतात.

आतली माणसं बोलतात तेव्हा बातमी उजेडात येते. अमेरिकेत टस्कीगीमध्ये १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा ‘अभ्यास’ चालू होता. ३९९ जणांना आजार होता, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही. सार्वजनिक आरोग्य सेवेतला कर्मचारी पीटर बक्सटन याने १९६६ पासून आत तक्रारी केल्या, काही झालं नाही. शेवटी त्याने कागद पत्रकाराकडे दिले. जीन हेलर यांची बातमी असोसिएटेड प्रेसने जुलै १९७२ मध्ये दिली आणि त्याच वर्षी तो प्रयोग बंद झाला.

असा माणूस तुमच्याकडे आला तर त्याची नोकरी तुमच्या हातात असते. ऑफिसच्या ईमेलवर त्याच्याशी बोलू नका. त्याच्या नावाने नंबर साठवू नका. कागदाचा फोटो जसाच्या तसा छापू नका, कारण कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून किंवा प्रत क्रमांकावरून तो कुणाकडून आला हे वरिष्ठांना ओळखता येतं. बातमीत ‘रात्रपाळीतल्या एका डॉक्टरने’ असं लिहिताना रात्रपाळीला डॉक्टर एकच असतो का, हे आधी विचारा.

पायरी पाचवी : रुग्णाशी बोलताना

हे मी चूक करून शिकलो. क्षयरोगावरची मालिका करताना एका ताईंशी बोललो होतो. औषधं अर्धवट का सुटली, ते त्यांनी मनापासून सांगितलं. नाव देऊ नका म्हणाल्या. मी नाव बदललं. बाकी मात्र सगळं ठेवलं : वय, नवऱ्याचा धंदा, तीन मुली, पाण्याच्या टाकीला लागून असलेलं घर. तपशिलांनी बातमी जिवंत झाली, डेस्कने कौतुक केलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘भाऊ, टाकीजवळ घर एकच आहे हो.’ शेजारणींनी मुलींना घरी खेळायला घेणं बंद केलं होतं.

तेव्हापासून कॉपी पाठवण्याआधी मी ती रुग्णाच्या शेजारणीच्या नजरेने वाचतो. ओळख एका तपशिलाने पटत नाही, तीन-चार एकत्र आले की पटते. त्यातला कुठला बातमीला खरोखर लागतो तेवढाच ठेवा. तपशील बदलू नका, ते खोटं होईल, गाळा.

परवानगी घेताना ‘बातमीत येईल, चालेल ना?’ एवढं पुरत नाही. हे इंटरनेटवर राहील, दहा वर्षांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी कुणी नाव शोधलं तरी सापडेल, फोटो दुसरेही वापरतील, हे सांगा. अतिदक्षता विभागाच्या दारात, मृत्यूची बातमी नुकतीच कळलेल्या माणसाचा ‘हो’ हा ‘हो’ नसतो. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. डॉक्टरांदेखत रुग्णाला विचारू नका. उपचार ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर नाही म्हणणं फार अवघड असतं.

आजाराला माणसांचं किंवा जागेचं नाव चिकटवू नका. १९१८ च्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात, पण ती स्पेनमध्ये सुरू झाली असा पुरावा नाही. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धातल्या देशांसारखी बंधनं नव्हती, म्हणून तिथे उघडपणे बातम्या आल्या. खरं छापणाऱ्यांच्याच देशाला ते नाव चिकटलं. आजारांना देश, माणूस, प्राणी यांची नावं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं.

आत्महत्येच्या बातमीबद्दल मात्र कुठलीही सवलत घेऊ नका. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढल्या होत्या आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ च्या मध्यात तिथल्या तज्ज्ञांनी माध्यमांसाठी सूचना तयार केल्या, वर्तमानपत्रांनी त्या पाळल्या. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न ८० टक्क्यांहून जास्त घटले. पद्धत लिहू नका, ठिकाण ठसवू नका, एकच कारण जोडू नका, चिठ्ठी छापू नका. मदत कुठे मिळते, ते प्रत्येक वेळी द्या.

पायरी सहावी : कॉपी, मथळा आणि अफवा

‘चमत्कार’, ‘रामबाण’, ‘थैमान’, ‘तांडव’ हे शब्द काढून टाका. ‘संबंध आढळला’ आणि ‘मुळे होतं’ यांत गल्लत करू नका. ‘तज्ज्ञांचं म्हणणं’ असेल तर कुठले आणि किती ते लिहा.

बातमी सावधपणे लिहिली तरी मथळ्यात ती बिघडू शकते. बातमीदार म्हणतो मथळा डेस्कने दिला, डेस्क म्हणतं जागा एवढीच होती. यावर मला सापडलेला उपाय असा : कॉपीबरोबर दोन-तीन मथळे स्वतःच द्या, लहान-मोठे, आणि वर एक ओळ लिहा, ‘मथळ्यात “बरा होतो” नको, चाचणी अजून उंदरांवर आहे.’ उपसंपादक रात्री अकराला वीस बातम्या सोडत असतो, त्याला ही ओळ हवीच असते.

अफवेचं खंडन करताना अफवेनेच सुरुवात करू नका. मथळ्यात ‘लसीने वंध्यत्व येतं का?’ असं विचारलं की वाचकाच्या डोक्यात लस आणि वंध्यत्व शेजारी बसतात, उत्तर तो वाचेलच असं नाही. आधी खरं काय ते सांगा, मग अफवा काय आणि ती कुठून आली ते एका वाक्यात, मग पुन्हा खरं. फार थोड्यांपर्यंत पोचलेल्या अफवेला आपणच मोठं व्यासपीठ देतोय का, हेही पाहा. कधीकधी तिची बातमी न करणं हाच योग्य निर्णय असतो. आणि घाबरलेल्या आईवडिलांना अडाणी ठरवणारा सूर कॉपीत येऊ देऊ नका. त्यांचा प्रश्न खरा असतो.

फोटोही बातमीच असतो. लसीच्या प्रत्येक बातमीला रडणारं बाळ आणि लांबलचक सुई लावायची काही गरज नाही.

पायरी सातवी : छापून झाल्यावर

चूक कळली की त्याच दिवशी दुरुस्ती करा. जिथे चूक वाचली गेली तिथेच ती दिसली पाहिजे : बातमीच्या वर, तारखेसह, आधी काय लिहिलं होतं आणि आता काय आहे ते स्पष्ट. समाजमाध्यमांवरची जुनी पोस्ट गुपचूप उडवून भागत नाही. तिचे स्क्रीनशॉट फिरत असतात, त्यांच्या मागे दुरुस्तीही फिरायला हवी.

एक वही ठेवा. ज्या संशोधनाची बातमी केली त्याचं नाव आणि सहा महिन्यांनंतरची तारीख. ती तारीख आली की निबंध मागे घेतला गेला का, मोठी चाचणी झाली का, औषधाचं पुढे काय झालं ते पाहा आणि आधी दिली होती त्याच जागी बातमी द्या. बहुतेक ‘आशादायक’ औषधांचं पुढे काही होत नाही, आणि वाचकाला ते कुणीच कळवत नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानावर स्वतःचाही हिशेब ठेवा. साथीत लागोपाठ किती दिवस वॉर्डात आणि स्मशानात गेलात, झोप किती झाली. सलग दोन आठवडे झाले की संपादकांना सांगून बदली माणूस मागा; सहकारी दोन दिवस बीट सांभाळतात, बातमी अडत नाही.

त्या ताईंचा नंबर माझ्याकडे अजून आहे. मालिका संपल्यावर दोन महिन्यांनी फोन केला. औषधं पुन्हा सुरू झाली होती, वजन तीन किलोने वाढलं होतं. ‘हे छापू का?’ म्हणून विचारलं. नको म्हणाल्या. ते छापलं नाही, आणि इथे लिहिण्याआधी पुन्हा विचारलं. या वेळी हो म्हणाल्या, घर बदललंय म्हणून.